पाच मिनिटांचा नमुना

शुक्रवारी संध्याकाळी वॉचमनला 'बरं' म्हटलं, की माझा पुढचा शब्द थेट सोमवारी सकाळी. मधले दोन दिवस घशाला सुट्टी. सोमवारचा पहिला शब्द गंजलेल्या कडीसारखा निघतो, म्हणून लिफ्टमध्ये एकटी असले की मी 'आ, ई, ऊ' करून घसा साफ करून घेते. एकदा तिसऱ्या मजल्यावर दार उघडलं, समोरच्या बाईनं मला आ वासून उभी पाहिलं आणि ती मुकाट्यानं जिन्यानं गेली. तिचा आवाज मला पाठ आहे. रोज सकाळी ती मुलीवर ओरडते ते माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून ऐकू येतं. चेहरा मात्र त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला.

मी छप्पन्न वर्षांची आहे. नवरा होता, तो बारा वर्षांपूर्वी वेगळा राहायला गेला. आदळआपट काही झाली नाही. 'तुझ्याशी बोलताना आपली तपासणी चालली आहे असं वाटतं,' एवढंच म्हणाला. खोटं नव्हतं ते. घरी आता रेडिओ असतो, आणि तोही मला अजिबात न समजणाऱ्या भाषेतला. बातम्या असतात की भाव सांगतात कोण जाणे. माणसं बोलत असतात, ते पुरतं.

नोकरी सरकारी प्रयोगशाळेत, आवाजाच्या विभागात. गुन्ह्यात सापडलेलं रेकॉर्डिंग पोलीस आमच्याकडे पाठवतात. सोबत दुसरं असतं, संशयिताला समोर बसवून घेतलेलं, त्याला आम्ही नमुना म्हणतो. दोन्हीत बोलणारा माणूस एकच आहे का, ते मी सांगायचं. सिनेमात यंत्रावर हिरवा दिवा लागतो आणि चोर पकडला जातो. आमच्याकडे तसला दिवा नाही, आमचा साधा पंखासुद्धा दोन अर्ज केल्यावर लागला. आवाज बारीक काढता येतो, घोगरा काढता येतो, पण आपला घसा आणि तोंड घरी ठेवून येता येत नाही. प्रत्येक स्वर त्यांच्यात घुमून बाहेर पडतो, आणि ते घुमणं मोजता येतं. तरीही 'हाच तो' असं आम्ही कधी लिहीत नाही. 'तोच असण्याची शक्यता जास्त', 'कमी' किंवा 'फारच कमी', बस.

नऊ वर्षांपूर्वी माझ्या हातून एक चूक झाली. नमुना देताना एक संशयित रडला होता. धाकट्या मुलीचं नाव घेऊन रडला. मी ते चार दिवस ऐकत बसले आणि 'शक्यता कमी' लिहून मोकळी झाले. दुसऱ्या प्रयोगशाळेनं पुन्हा मोजलं तेव्हा सगळं उलट निघालं. माझ्या कानांनी मला हवं तेवढंच ऐकलं होतं. त्या दिवशी कानाला खडा लावला. तेव्हापासून माणूस काय बोलतो ते मी ऐकतच नाही. पूर्ण रेकॉर्डिंग आमचा तंत्रज्ञ ऐकतो, त्यातले स्वर कापून वेगळे काढतो आणि मला नुसते तुकडे देतो. नाव नाही, वाक्य नाही, गुन्हा काय तेही नाही. क्रमांक आणि आ, ई, ऊ. साहेबांनी सुरुवातीला नाक मुरडलं, मग एका बैठकीत हीच पद्धत स्वतःची म्हणून सांगितली. मला राग आला नाही. उलट अभिमानच वाटला.

त्या तंत्रज्ञाला आख्खं ऑफिस कात्री म्हणतं. निवृत्तीला दीड वर्ष राहिलेला, जाड चष्म्याचा, डबा उघडायच्या आधी नातवाचे पराक्रम उघडणारा माणूस. त्या दिवशी तो नव्या प्रकरणाचे तुकडे घेऊन आला तेव्हा खुशीत होता.

"मॅडम, आज चंगळ आहे तुमची. एवढे 'आ' आणि 'ई' एका माणसाकडून आजवर मिळाले नव्हते."

"कोणी गवई पकडलाय का?"

"बोलका आहे. पाच मिनिटं बोल म्हटलं तर तोंडाचा पट्टा थांबलाच नाही. नाहीतर बाकीचे बसतात दगडासारखे."

आमच्याकडे संशयिताला आधी एक ठरलेला उतारा वाचायला देतात आणि मग पाच मिनिटं मनाला येईल ते बोलायला सांगतात. वाचताना माणूस शाळेतल्यासारखा बोलतो. खरा आवाज त्या पाच मिनिटांत असतो.

मी अकरा दिवस मोजलं. गुन्ह्यातलं रेकॉर्डिंग एक्केचाळीस सेकंदांचं होतं, त्याचेही तुकडेच माझ्याकडे. दोन माणसांमध्ये ढळढळीत फरक होता. एकाचा 'आ' खोल घशातून यायचा, दुसऱ्याचा ओठांजवळ फुटायचा. नमुना देणाऱ्याच्या आवाजात खरखर होती, 'ई' म्हणताना पुढच्या दातांपाशी हवा निसटत होती, वय पन्नाशीच्या आसपास असावं. मला तो आवाज काही खास वाटला नाही. 'तोच असण्याची शक्यता फारच कमी' असं लिहून सही केली आणि पुढची फाइल उघडली.

पाच महिन्यांनी न्यायालयाचं समन्स आलं. बचाव पक्षाला माझी साक्ष हवी होती. समन्सवर क्रमांक चालत नाही, तिथं आरोपीचं पूर्ण नाव असतं. आडनाव माझं होतं, लग्नाआधीचं. मधलं नाव माझ्या वडिलांचं. आणि पहिलं नाव मी स्वतः ठेवलं होतं, सात वर्षांची असताना, हट्ट करून.

कागद टेबलावर ठेवला तरी हात तसाच धरलेला राहिला.

भाऊ आणि मी चौदा वर्षं बोललो नव्हतो. आई त्याच्याकडे असायची. ती गेली त्या दिवशी मी दुसऱ्या गावी साक्ष देत होते, फोन बंद होता. संध्याकाळी पोचले तोवर सगळं उरकलं होतं. घरात एक रिकामी खाट आणि धुऊन वाळत टाकलेली चादर. 'दोन तास थांबता आलं नाही तुला?' मी म्हटलं. तो म्हणाला, 'नाही.' एवढंच. पुढं एक शब्द नाही. मी चपला घातल्या त्या घातल्या, परत त्या घरात पाऊल टाकलं नाही. आधी वाटायचं तो फोन करील, मग वाटायला लागलं मी करीन, मग काहीच वाटेनासं झालं.

मी कात्रीकडे गेले आणि पूर्ण रेकॉर्डिंग मागितलं. त्यानं चष्मा वर करून पाहिलं. नऊ वर्षांत मी ते मागितलं नव्हतं.

दार लावून हेडफोन घातले. उतारा संपला. पोलिसाचा आवाज आला, 'आता पाच मिनिटं काहीही बोल.' मग तो खरखरीत, सावकाश आवाज.

"ताई, तू हे ऐकशीलच. म्हणून तुझ्याशीच बोलतो. बाकी कुणाशी काय बोलू इथे? ताई, आईचं सांगायचं होतं. मी थांबलो नाही ते चुकलं माझं. थांबता आलं असतं. लोक थांबायला तयार होते. पण ताई, मला तिच्याकडे बघवेना. तोंड उघडं राहिलं होतं तिचं, मिटेना. वाटलं, लवकर उरकावं. तू आल्यावर तुला हे सांगता आलं नाही, तू रागात होतीस. मग सांगायचं राहिलंच. आई शेवटी तुझंच विचारत होती, ताई आली का, ताई आली का. मी खोटंच सांगत होतो, निघालीय म्हणून..."

माझा भाऊ पाच मिनिटं माझ्याशी बोलला होता. चौदा वर्षांत पहिल्यांदा. आणि मी त्या बोलण्याचे दोनशेबारा तुकडे करून मोजले होते. ते 'आ' आणि 'ई' कुठून आले होते ते आता कळलं. आई, ताई, आई, ताई. प्रत्येकाचे आकडे माझ्याच अक्षरात लिहिलेले होते.

मी कात्रीला विचारलं, "तुला वाटलं नाही मला सांगावंसं?"

"मॅडम, सगळेच कुणाशी ना कुणाशी बोलतात त्या पाच मिनिटांत," तो म्हणाला. "आईशी बोलतात, बायकोशी, देवाशी. एक तर कुत्र्याशी बोलला होता. मला वाटलं, असेल कुणीतरी ताई." मग माझा चेहरा बघून त्यानं स्वतःचा डबा माझ्यापुढे सरकवला. त्या दिवशी नातवाचं काही सांगितलं नाही.

प्रकरण काय होतं ते तेव्हाच मी वाचलं. माझा भाऊ एका हॉस्पिटलात जनरेटर सांभाळायचा. वरच्या माणसाशी वाजलं आणि त्याला काढून टाकलं. दोन आठवड्यांनी कुणीतरी हॉस्पिटलात फोन केला की तळघरात बॉम्ब आहे. बॉम्ब वगैरे काही नव्हता, पण रुग्णांना जिन्यानं खाली आणताना एक म्हातारे गृहस्थ दगावले. फोन भावाच्या घराजवळच्या दुकानातून झाला होता. संशय त्याच्यावर जाणारच. सात महिने तो तुरुंगात होता, आणि त्याच्या बाजूनं बोलणारा एकच कागद होता, माझा.

साहेबांकडे गेले. त्यांनी ऐकून घेतलं आणि आधी उठून दार बंद केलं.

"अहवाल बरोबर आहे ना?"

"बरोबर आहे."

"मग कशाला उगाच ओढवून घेता? तुमचं आडनाव वेगळं. साक्ष द्या, परत या."

"नातं लपवलं आणि पुढं बाहेर आलं, तर तो पुन्हा आत जाईल. आणि मग माझ्या अहवालावर सुटलेला प्रत्येक माणूस."

"आणि सांगितलंत तर? अहवाल केराच्या टोपलीत. दुसऱ्या प्रयोगशाळेची रांग किती आहे माहीत आहे? वर्ष, दीड वर्ष. तोवर तो आतच." ते खुर्चीत येऊन बसले. "शिवाय तुम्ही त्याला ओळखलं नाही, यावर विश्वास कोण ठेवणार? मी तुम्हाला वीस वर्षं ओळखतो, माझाच बसत नाहीय."

त्यांचं चुकत नव्हतं. भाऊ सुटायचा तर न्यायाधीशांना एकच गोष्ट पटायला हवी होती, की मोजताना मी त्याला ओळखलं नव्हतं. खरं होतं ते. पण ते मला त्याच्यासमोर उभं राहून सांगायचं होतं.

मी नातं कोर्टाला लेखी कळवलं. साक्षीच्या दिवशी कोर्ट भरलेलं होतं. तो बाकावर बसला होता. केस पांढरे, खांदे उतरलेले, पुढचे दोन दात नाहीत. मी आत आले तसा तो चटकन ताठ बसला. त्याच्या चेहऱ्यावर मला काय दिसलं ते सांगते. त्याला वाटत होतं, मी त्याचं ऐकलं आणि म्हणून त्याला सोडवायला आले.

सरकारी वकील उंच, मिठ्ठास बोलणारे गृहस्थ होते.

"बाई, आवाज ओळखणं हाच तुमचा धंदा ना?"

"तुलना करणं हा धंदा. ओळखणं वेगळं."

"तीस वर्षं हे काम करता. सख्खा भाऊ आहे. नमुन्यात तो तुम्हाला ताई म्हणून हाक मारतो, एकदा नाही, सतरा वेळा. आणि तुम्हाला पत्ताच लागला नाही? आम्ही काय दूधखुळे आहोत?"

मागे कुणीतरी हसलं. मी पद्धत समजावून सांगितली. तुकडे, क्रमांक, कात्री. सांगताना माझंच मला कळत होतं की हे कसं ऐकू येतंय. न्यायाधीश बाई होत्या, माझ्याच वयाच्या. त्यांनी आमच्या संगणकाची नोंद मागवून घेतली होती, कोणी कोणती फाइल केव्हा उघडली त्याची. चष्मा सरसावून त्या पानं उलटत होत्या.

"तुम्ही पूर्ण रेकॉर्डिंग पहिल्यांदा उघडलंत ते समन्स मिळाल्यावर."

"हो."

"अहवालानंतर पाच महिन्यांनी."

"हो."

"त्यानंतर एकतीस वेळा उघडलंत." त्यांनी वर पाहिलं. "तपासणीसाठी?"

"नाही."

न्यायाधीशांनी पेन खाली ठेवलं.

"मग एक विचारते. नाव बाजूला ठेवा, शब्दही बाजूला ठेवा. त्या एकतीस वेळांत नुसता आवाज तुम्हाला एकदा तरी ओळखीचा वाटला?"

'हो' म्हणावंसं वाटलं. देवाशप्पथ वाटलं. मी त्याच्याकडे पाहिलं. लहानपणी हा पत्र्याच्या डब्याचा ढोल बडवत गाणी म्हणायचा तेव्हाचा आवाज मला पाठ होता, चौदा वर्षांपूर्वी 'नाही' म्हणाला तोही पाठ होता. हा आवाज त्यांतला कुठलाच नव्हता. मी रोज संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर तिथंच बसून त्यात त्याला शोधत होते, आणि तो सापडत नव्हता.

"नाही," मी म्हटलं. "समन्सवर नाव वाचलं नसतं तर मला आजही कळलं नसतं. मी त्याला ओळखलं नाही. आता समोर बसलाय, आताही तो बोलला तर डोळे मिटून मी सांगू शकणार नाही."

तो खाली बघायला लागला. ताठ बसलेला होता, तो हळूहळू सैल झाला. सरकारी वकिलांना पुढे काही विचारायचं नव्हतं.

तीन आठवड्यांनी निकाल लागला. न्यायाधीशांनी लिहिलं होतं, साक्षीदाराला आरोपीची ओळख पटली नव्हती याबद्दल न्यायालयाच्या मनात शंका उरत नाही, अहवाल ग्राह्य धरण्यात येतो. तो सुटला. इतकी वर्षं मी निकाल वाचत आले, पण कुठल्याच वाक्यानं मला असं उघडं पाडलं नव्हतं.

मी बाहेर जिन्यापाशी थांबले होते. तो वकिलाबरोबर आला, हातात कपड्यांची पिशवी. मी त्याच्या घरातल्या नावानं हाक मारली. त्याला ती हाक लगेच ओळखू आली. पाय जागच्या जागी थांबले त्याचे. वकील दोन पायऱ्या खाली जाऊन घड्याळाकडे बघत उभा राहिला.

"ताई," तो म्हणाला.

"बोल ना काहीतरी," मी म्हटलं. "मी ऐकते आता."

"काय बोलू गं? बोलून झालं सगळं. तेव्हाच." आवाजात राग नव्हता. राग असता तर मला कळला असता, तेवढं तरी येतं मला.

"बरं, मग मी बोलते," मी म्हटलं.

"बोल," तो म्हणाला, आणि पिशवी खाली ठेवली.

तो खरंच थांबला. लोक आमच्या दोन्ही बाजूंनी जात-येत होते. सांगायचं खूप होतं. मी आईच्या खोलीत नीट डोकावलेही नव्हते ते सांगायचं होतं, नवरा गेला ते, फोन हातात घेऊन कितीदा ठेवून दिला ते, त्याच्या आवाजाचे आकडे मला अजून तोंडपाठ आहेत तेसुद्धा. मी तोंड उघडलं. पुन्हा मिटलं. आयुष्यभर दुसऱ्यांचं बोलणं मोजलं, स्वतःचं एक वाक्य कुठून सुरू करायचं ते सुचेना. खालून वकिलानं त्याला हाक मारली. तो हलला नाही, माझ्या तोंडाकडे बघत राहिला. वकिलानं पुन्हा हाक मारली.

"राहू दे, ताई," तो शेवटी म्हणाला. त्यानं पिशवी उचलली, माझ्या दंडाला जरासा हात लावला आणि जिना उतरून गेला.